डिझायर डिझेल २०१०: गिअरबॉक्सच्या जॉइंटखाली ऑइल गळतंय, गॅरेजवाला मागचं क्रँक सील सांगतोय, खरंच उतरवू का?

चोपडेकर:
राम राम मंडळी. गाडी डिझायर, २०१० ची, १.३ डीडीआयएस डिझेल, मीटर दोन लाखाच्या जवळ आलंय. घरातली पहिली चारचाकी, वडलांनी केळीच्या पैशातून घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. दिवाळीनंतर पाहतोय की रात्री गाडी लावली की सकाळी ओट्यासमोरच्या फरशीवर ऑइलचा डाग, आधी रुपयाएवढा होता आता तळहाताएवढा झालाय, आणि जागा बरोबर तीच, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकाला जुळतात त्याच्या खाली.

जळगावला एका गॅरेजमधे दाखवली (नाव घेत नाही), त्यांनी खालून बॅटरी मारली आणि दोन मिनिटांत सांगितलं की क्रँकचं मागचं सील (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणारं रबर) गेलं, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, आणि घेतलाच आहे तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळंच टाकून घ्या, २८ हजार. क्लच माझा अजून मस्त चालतो, कुठे घसरत नाही. धूर नाही, पिकअप पहिल्यासारखा. ऑइल मात्र कमी होतंय, मागच्या सर्व्हिसला पट्टीवर फुल होतं आता मधे आलंय.

हरभऱ्याची पेरणी नुकतीच झाली, पैसा सगळा शेतात. खरंच सील असेल तर करूच, पण २८ हजार टाकून परत तिथेच डाग दिसला तर काय करायचं? कोणी या इंजिनावर काम केलंय का?

डेपोवाले_काका:
चोपडेकर, गिअरबॉक्सला आत्ता हात लावू देऊ नका, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. एसटीच्या डेपोत माझी उमर गेली, मागच्या सीलच्या नावाखाली उतरवलेले गिअरबॉक्स पाहिलेत आणि सील आत कोरडं ठणठणीत निघालेलं पण पाहिलंय. कारण साधं आहे, ऑइल नेहमी खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, म्हणून थेंब जिथे पडतो ती जागा गळतीची नसते. तुमचा जो जॉइंट आहे ना तिथे वरचं सगळं येऊन जमतं, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं तरी तिथे, व्हॅक्युम पंपाचं गेलं तरी तिथे, ऑइल प्रेशरचा स्विच झिरपला तरी तिथे, टर्बोचा रिटर्न पाइप सुटला तरी फिरून तिथेच. खालून बॅटरी मारणाऱ्याला फक्त शेवटचा थेंब दिसतो.

आधी हे बघा की गळतंय ते नक्की इंजिन ऑइलच आहे का. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका. डिझेल गाडीचं इंजिन ऑइल काळंभोर असतं, सर्व्हिस करून आठवडा झाला तरी काळं. गिअरचं ऑइल पिवळट तपकिरी आणि त्याला गंधकासारखा उग्र वास, एकदा घेतला की विसरत नाही माणूस. तुमच्या जॉइंटमधून दोन्ही येऊ शकतात, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टलाही सील असतंच, म्हणून वास घ्याच. डिझेल गळत असेल तर ती जागा धुतल्यासारखी स्वच्छ दिसते, ऑइल गळत असेल तर तिथे धूळ चिकटून काळा लगदा होतो, हा फरक डोळ्याने ओळखू येतो. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल तुमच्या गाडीत नाहीच, इलेक्ट्रिक आहे, तो संशय सोडा.

दुसरं, गळतं कधी? ज्या जागेला ऑइलचं प्रेशर असतं म्हणजे स्विच, फिल्टरचं हाउसिंग, टर्बोला जाणारा बारीक पाइप, ती इंजिन चालू असतानाच जोरात गळते, बंद केलं की थांबते. चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा) जॉइंट किंवा ड्रेन बोल्ट असेल तर गाडी उभी असली तरी रात्रभर थेंब थेंब चालूच. म्हणून एक पुठ्ठा गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवून टाका आणि एक रात्री टाका, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

मग धुणं. पण वॉशिंग सेंटरवाल्याला सरळ बोनेटमधे प्रेशर मारू देऊ नका, अल्टरनेटर आणि इंजेक्टरचे कनेक्टर पाण्याने गेले तर नवीनच दुखणं. थंड इंजिनवर डिग्रीझर, जुना ब्रश, हलक्या धारेने पाणी, कनेक्टरवर प्लॅस्टिक बांधून. पूर्ण वाळलं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी फिरवून आणा, आणि सगळ्यात वर, सगळ्यात पुढे जी ओली जागा दिसेल ती पकडा. खालचं काय दिसतं ते विसरून जा.

तापीकाठ:
काका बरोबर. माझ्याकडे हेच इंजिन आहे, स्विफ्टमधे. हे १२४८ सीसीचं फियाटच्या डिझाइनचं मल्टीजेट, स्विफ्ट डिझायर इंडिका व्हिस्टा पुंटो सगळ्यांत हेच, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच मिस्त्रींना ते माहीत आहे. चोपडेकर भाऊ तुम्ही बोनेट उघडून हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडच्या टोकाला बघा, तिथे ब्रेकचा व्हॅक्युम पंप आहे, कॅमशाफ्टवर फिरतो. त्याचं सील कडक होऊन ऑइल सोडतं आणि ते सरळ हेडवरून खाली उतरून बेलहाउसिंगवर (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचावर) येतं, आणि खालून बघणाऱ्याला हुबेहूब मागचं क्रँक सील गेल्यासारखं दिसतं. माझ्या गाडीला हेच होतं. पंपाच्या खालच्या बाजूने बोट फिरवा, काळं लागलं तर समजा.

साक्रीवाला:
काय भो, टेन्शन नका घेऊ. मन्ही गाडीले बी असंच व्हयेल व्हतं. मी २०डब्ल्यू-५० टाकलं, जाड ऑइल, गळती एकदम कमी. दुकानात सील फुगवायचं औषध पण मिळतं बाटलीत, ते टाकून बघा आधी. माझी सुमो आहे पण ऑइल ते ऑइल.

डेपोवाले_काका:
साक्रीवाले, जुन्या सुमोत जरा जाड ऑइल एखादवेळी चालून जाईल, डिझायरमधे नको. या इंजिनात टायमिंगची चेन आहे आणि तिचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलंय, थंडीत सकाळी जाड ऑइल वर चढायला वेळ घेतं, तेवढा वेळ चेन ढिली खडखडते, आणि टर्बोला पण पहिले काही सेकंद ऑइल उशिरा मिळतं. चेन सरकली तर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, मग २८ हजाराची गोष्टच राहत नाही.

बाटलीतल्या औषधाने रबर फुगतं, काही दिवस गळती थांबते, पण ते फक्त गळक्या सीलला लागत नाही, इंजिनातल्या सगळ्या रबराला लागतं, चांगल्याला सुद्धा. आणि औषधाने थांबलेली गळती मग सापडत पण नाही.

साक्रीवाला:
काका मग सुमोत काय टाकू? आता तर थंडी पडतेय, सकाळी स्टार्टर पण जड फिरतो.

डेपोवाले_काका:
तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड टाका, बहुतेक जुन्या डिझेलना १५डब्ल्यू-४० चालतं, आणि जड स्टार्टिंग थोडं हलकं होईल. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या आसपास येतो, दोन्ही टोकं एकाच ऑइलने काढायची असतात. गळती वाढली तर परत इथे लिहा, ग्रेड वाढवू नका.

स्पेअरवाली_ताई:
धुळ्यात आमचं स्पेअरचं दुकान आहे, भाऊ आणि मी बघतो, गिऱ्हाइकांचं रोज हेच चालतं म्हणून लिहिते. व्हॅक्युम पंपाची ओ-रिंग किंवा पॅकिंग घ्यायची वेळ आली तर "डिझायरची रिंग द्या" असं नका सांगू, आरसीवरचा चासी नंबर आणा नाहीतर जुनी रिंग घेऊन या. आणि नुसत्या मापावर रिंग घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाची काळी रिंग पाच-दहा रुपयात मिळते, ती साध्या नायट्राइल रबराची असते, शंभर-सव्वाशे डिग्रीच्या पुढे ती कडक व्हायला लागते. हेडच्या टोकाला उष्णता भरपूर असते. व्हायटॉनची रिंग दोनशे डिग्रीपर्यंत टिकते, महाग असते पण काम एकदाच होतं. पाण्याच्या पंपाची रिंग ऑइलला लावून नेणारे पण येतात, ते रबर वेगळं असतं, ऑइलमधे फुगून जातं.

ड्रेन बोल्टचं वॉशर पण सांगते. दर सर्व्हिसला नवीन टाका, अगदी किरकोळ पैशाची वस्तू आहे. तांब्याचं वॉशर एकदा दाबलं की कडक होतं, परत तेच लावून बोल्ट आवळत बसलात तर चेंबरचे आटे जातात, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले की लेथवाल्याकडे चेंबर घेऊन जावं लागतं. काही डाग फक्त या वॉशरचेच असतात.

चोपडेकर:
सगळ्यांचे आभार, ताई तुमचे पण. कामाला लागलो. आधी पुठ्ठा टाकला, डाग काळाभोर, गंधकाचा वास अजिबात नाही, म्हणजे इंजिनचंच ऑइल. गाडी जागेवर चालू ठेवून टाकलेल्या पुठ्ठ्यावर जास्त थेंब, रात्रीच्या पुठ्ठ्यावर कमी.

रविवारी धुतलं, काकांनी सांगितलं तसं, कनेक्टरला पिशव्या बांधून. खरं सांगतो दोन लाख किलोमीटरचा लगदा निघाला, काळ्या मातीची धूळ आणि ऑइल मिळून जवळजवळ डांबर झालं होतं, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावं लागलं. मग पावडर मारून धरणगावपर्यंत जाऊन आलो.

आणि बोनेट उघडलं तर मागच्या बाजूला पांढऱ्या पावडरीतून एक बारीक काळी रेघ सरळ खाली उतरलेली. वर बघितली तर ती व्हॅक्युम पंप हेडला जिथे बसतो तिथून सुरू होते, पंपाच्या खालच्या कडेला अर्धचंद्रासारखं ओलं आणि त्याच्या टोकाला एक थेंब लटकतोय. तिथून हेडच्या कडेने, एका ब्रॅकेटवरून, बेलहाउसिंगच्या वरच्या कडेला, आणि मग गोल फिरून खाली. टॅपेट कव्हर कोरडं. ऑइल फिल्टरचं हाउसिंग कोरडं. बेलहाउसिंगच्या खाली जे छोटं भोक आहे त्याच्या आत बोट घालून बघितलं, आत कोरडं, फक्त क्लचची भुकटी.

तापीकाठ भाऊ, तुम्ही म्हणाला तेच निघालं. आता हे घरी होईल का?

तापीकाठ:
ते भोक तुम्ही बघितलं हे फार चांगलं केलं. मागचं सील खरंच गेलं असतं तर ऑइल आतून त्या भोकातून आलं असतं आणि क्लचची भुकटी ओली चिकट झाली असती. आत कोरडं म्हणजे सील सुटलं संशयातून.

घरी होतं, पण घाई नको. त्या टोकाला एअर फिल्टरचा डबा, पाइप, बॅटरी जे आड येत असेल ते बाजूला घ्या, बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पंपावरचा व्हॅक्युमचा पाइप सांभाळून काढा, प्लॅस्टिक जुनं झालेलं असतं, ओढलं की तुटतं. बोल्ट काढून पंप सरळ बाहेर ओढा. पंपाच्या मागे एक कपलिंग आहे, ते कॅमशाफ्टच्या खाचेत बसतं, बसवताना ते खाचेसमोर आणूनच आत घाला, नाही बसलं तर बोल्टने ओढून बसवू नका, पंप नाहीतर त्याचा बोल्टचा कान तुटेल. हेडचा फेस लाकडी काडीने किंवा प्लॅस्टिकने साफ करा, पत्ती मारू नका, ॲल्युमिनियमवर चरा पडला की नवीन रिंग पण गळेल.

एक गोष्ट जीवावरची. त्याच टोकाला डिझेलचा हायप्रेशर पंप आहे आणि तिथून लोखंडी पाइप इंजेक्टरना डिझेल वाटणाऱ्या रेलला जातात. त्यांच्या नटांना पाना लावायचा नाही, आडवे आले तरी नाही. चालू इंजिनात तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक फवारा कातडी फोडून आत जातो. तिकडे काही ओलं दिसलं तर बोट लावून तपासू नका, पुठ्ठा धरा.

आणि काम झालं की रस्त्यावर जायच्या आधी ब्रेक बघा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्टर मारा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्युम मिळत नाहीये, गाडी अंगणातून हलवायची नाही.

डेपोवाले_काका:
तापीकाठ यांनी छान सांगितलं. माझं म्हणणं एवढंच, रिंग बदलायच्या आधी ती गेली का हे बघा. दोन लाखाला रबर कडक होतंच, पण आतून प्रेशर मारत असेल तर नवीन रिंग पण सहा महिन्यात ओली होईल आणि मग टॅपेट कव्हर, मग पुढचं सील, असं एकेक चालू होईल. याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, पिस्टनच्या रिंगांवरून निसटलेला गॅस चेंबरमधे जमतो, आणि ब्रीदरमधून (तो गॅस बाहेर सोडणाऱ्या पाइपमधून) बाहेर पडला नाही तर जो जॉइंट सगळ्यात कमजोर तिथून ऑइल ढकलतो. गळती एका वेळी तीन-चार जागी चालू झालेली दिसली की पहिलं बोट ब्रीदरकडे गेलं पाहिजे.

गाडी गरम करून जागेवर चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. डिझेल आहे, थोडी वाफ आणि थोडी थरथर येणारच, त्याने घाबरू नका. झाकण उडून पडत असेल, ऑइलची पिचकारी येत असेल, तर मामला गंभीर. मग ब्रीदरचा पाइप काढून बघा, जो एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणाऱ्या होजला मिळतो. तो आतून चिकटाने भरतो, कधी उष्णतेने मऊ होऊन चपटा होतो, बाहेरून धड दिसतो आणि आतून बंद. पाइप मोकळा करून झाकण शांत झालं तर इंजिन चांगलं. पाइप मोकळा असूनही झाकण उडतंय तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, तेव्हा मात्र रिंगांचा विषय येतो.

एअर फिल्टर पण बघा. शेतरस्त्याची धूळ आणि कापसाचा भुगा, फिल्टर आपल्याकडे पुस्तकातल्या किलोमीटरच्या फार आधी भरतो. फिल्टर चोक असला की टर्बो ब्रीदरमधून ऑइलची वाफ जास्त ओढतो, आणि पट्टी कमी होते पण खाली डाग मात्र दिसत नाही.

चोपडेकर:
काका झाकण उडालं नाही पण चांगलंच नाचत होतं. ब्रीदरचा पाइप काढला, वरून अगदी ठीक, पण जिथे वळण आहे तिथे दाबून बघितलं तर भिंती एकमेकाला चिकटलेल्या, आतमधे काळा लोण्यासारखा थर. फुंकून बघितलं तर हवा जेमतेम जाते. नवीन पाइप जळगावला मिळाला, फिल्टर पण बदलला, त्यातून मूठभर धूळ निघाली. झाकण आता फक्त थरथरतं.

मग पंप काढला. जुनी रिंग बोटाने वाकवली तर कट्कन तुटली, आणि एका बाजूने पूर्ण सपाट झालेली. ताई तुमच्या सांगण्याप्रमाणे चासी नंबर देऊन रिंग आणि पॅकिंग मागवलं. कपलिंग पहिल्यांदा खाचेत बसेना, थोडं फिरवून परत घातलं मग आपोआप आत गेलं. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, पाना गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडून आणला. ब्रेक तपासले, पेडल खाली गेलं. सगळं मिळून खर्च २८ हजाराच्या जवळपास पण गेला नाही, दोन हजाराच्या आत काम झालं.

आता परत पावडर मारून ठेवलीय आणि गाडी रोज चालू आहे. पंपाच्या खाली कोरडं आहे. फक्त चेंबरच्या पुढच्या कडेला हलका ओलावा दिसतोय, थेंब पडत नाही. तो जॉइंट पण आत्ताच करून घेऊ का, चेंबर उघडून?

डेपोवाले_काका:
शाब्बास. चेंबर राहू द्या. जुन्या इंजिनाला घाम येतो, नुसता ओलावा आणि थेंब यात फरक करा. एका मिलिलीटरमधे साधारण वीस थेंब असतात, म्हणजे मिनिटाला एक थेंब पडला तरी चोवीस तासात सत्तर-बहात्तर मिली जातं आणि दोन आठवड्यात लिटर. ते दुरुस्त करावंच लागतं. पण कडेला बोट काळं होतंय, पुठ्ठा कोरडा राहतोय, तर पुसून टाका, दर सर्व्हिसला बघा, एवढंच.

उघडायची वेळ आलीच तर मिस्त्रीसमोर उभे राहा. जुना शेलॅक (जॉइंटला लावायची पेस्ट) पूर्ण काढून, दोन्ही फेस थिनरने पुसून कोरडे करून, दोन-तीन मिलीमीटरची एकसारखी धार, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. जास्त शेलॅक म्हणजे जास्त पक्कं असं नसतं, जास्तीचा आत दाबला जातो, तुटून ऑइलच्या जाळीत अडकतो आणि इंजिन ऑइलविना बसतं. मी उघडलेल्या चेंबरमधे शेलॅकच्या अक्षरशः पट्ट्या निघाल्यात. लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, बहुतेकांना पूर्ण सुकायला चोवीस तास लागतात, आणि लगेच ऑइल भरून स्टार्ट करून "बघा झालं" असं कोणी दाखवायला लागलं तर त्याला थांबवा.

शहादा_बोलेरो:
काका याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. माझी बोलेरो, डीआय टर्बो, तोरणमाळच्या घाटात चढताना टर्बोकडून ऑइलचा वास येतो, आणि इंटरकूलरचा पाइप काढला तर आतून ऑइल. टर्बो गेला का? इथला मिस्त्री टर्बो रिकंडिशन करायचा म्हणतोय.

तापीकाठ:
पाइपात किती ऑइल? आतून बोट तेलकट होणं हे ब्रीदरच्या वाफेमुळे सगळ्याच टर्बो डिझेलमधे असतं. पाइप वाकडा केला की ओतलं जातंय एवढं असेल तर काळजी करा.

शहादा_बोलेरो:
ओतलं नाही जात, थर आहे चांगला. खाली पाइपाच्या क्लिपपाशी बाहेरून पण ओलं.

डेपोवाले_काका:
मग टर्बो काढायच्या आधी त्याचा रिटर्न पाइप बघा. टर्बोमधून ऑइल प्रेशरने परत येत नाही, नुसतं वजनाने खाली चेंबरमधे उतरतं. तो पाइप आत कार्बनने अरुंद झाला, कुठे चेपला, किंवा ब्रीदर बंद असल्याने चेंबरमधे प्रेशर जमलं, की ऑइलला खाली जायला वाट राहत नाही आणि ते टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं. चांगला टर्बो पण अशा वेळी गळतो, आणि रिकंडिशन करून आणलेला सुद्धा महिन्याभरात गळेल. एअर फिल्टर, ब्रीदर, रिटर्न पाइप, या क्रमाने बघा. नंतर थंड इंजिनवर होज काढून टर्बोची चाती (आतलं पंख्यासारखं चाक) हाताने फिरवून बघा, शाफ्ट किंचित हलला तर चालतं, चाती हाउसिंगला घासल्याच्या खुणा असतील तर मात्र टर्बो गेला.

घाटात जाता म्हणून एक सांगून ठेवतो, घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगा. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं. मागे पांढरा-निळा धूर, आरपीएम आपोआप वर, आणि चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही. त्या वेळी न्यूट्रल करू नका. ब्रेक गच्च दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन दाबून बंद पाडा. हात घालायला बोनेट उघडू नका.

आणि वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लागला तर कडेला घेऊन बंद करा, पट्टी बघा. सपाट जागेवर, बंद करून दहा मिनिटांनी. तिथून पुढे गाडी ओढत आणा, चालवत नको.

शहादा_बोलेरो:
दिवा नाही लागला अजून. उद्या ब्रीदर आणि रिटर्न पाइप दोन्ही खोलतो. रिटर्नच्या पॅकिंगला शेलॅक लावायचा का?

डेपोवाले_काका:
नाही. रिटर्नला कागदी किंवा पत्र्याचं पॅकिंग येतं तेच नवीन टाका, कोरडं. तिथे शेलॅक आत आला तर भोक अजून अरुंद होतं, ज्यासाठी खोलताय तेच परत होईल.

स्पेअरवाली_ताई:
शहादावाले दादा, बोलेरोच्या टर्बोचं फीड (ऑइल आत नेणारा पाइप) आणि रिटर्न दोन्हीचं पॅकिंग एकत्रच घ्या, फीडच्या बँजो बोल्टला (आतून पोकळ असतो तो) दोन्ही बाजूंनी तांब्याची वॉशर लागतात, ती विसरतात लोक. आणि इंजिनावरचा नंबर लिहून आणा, मॉडेलप्रमाणे फरक आहे.

चोपडेकर:
शहादावाले, धुवून पावडर मारायला विसरू नका, मला तर सगळं त्या एका रेघेने दाखवलं. माझा पुठ्ठा अजून कोरडा आहे, पट्टी फुलवर. पुढची सर्व्हिस झाली की चेंबरच्या कडेचं काय झालं ते इथेच लिहितो.